गुरू होण्याची घाई

परदेशातील एखाद्या खेड्यात तीन-चार आठवडे राहून, तेथील मुलांना विनावेतन इंग्रजी शिकवून परतलेल्या तरुण-तरुणींचा देवळाच्या सभामंडपात शाल-श्रीफळ देऊन गौरव करण्याची प्रथा अलीकडे आपल्या समाजात रूढ होऊ लागली आहे. आरती आटोपल्यावर त्यांना दोन शब्द बोलण्यास पाचारण केले जाते, पडद्यावर छायाचित्रे दाखविली जातात, आणि पुढे तोच वृत्तान्त 'परभूमीतील पहिले दिवस' अशा काही मथळ्याखाली समाजाच्या नियतकालिकांतून छापून येतो. हा गौरव अस्थानी आहे, असे माझे मत आहे. त्यामुळे सेवा या शब्दाचा अर्थ आपल्या मुलांच्या मनात विपरीत रुजतो. आणि ज्या परक्या मुलांच्या नावाने हा सोहळा होतो, त्यांचे तर उघड नुकसानच होते. हे म्हणणे पुष्कळांस कटू लागेल. परंतु ज्याची हयात इंग्रजी शिकविण्यात गेली त्याने तरी या बाबतीत मिठाची गुळणी धरून बसू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

हे वृत्तान्त मी बरेच वाचले आणि ऐकले आहेत. त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. घरच्यांचा निरोप, विमानतळावरची धांदल, मुक्कामी पोचताच गळ्यात पडलेली फुलांची माळ, डासांचा उपद्रव, अनोळखी जेवणाचा पहिला घास. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हाती खडू घेऊन चाळीस मुलांसमोर उभे राहणे. छातीत धडधडत होते, पण मुलांचे निर्व्याज हसू पाहिले आणि भीती कोठल्या कोठे पळाली, अशा अर्थाचे वाक्य थोड्याफार फरकाने सर्वांच्या वृत्तान्तात सापडते. मग टाळ्यांच्या तालावर म्हणावयाची गाणी, 'माझे नाव अमुक' हा पाठ, रंगांची आणि फळांची नावे, आणि अखेरच्या दिवशी अश्रू. या सबंध हकिगतीत एका माणसाचा मात्र मागमूस नसतो. त्या वर्गाचा नेहमीचा शिक्षक तेव्हा कोठे होता? तो मागच्या बाकावर बसून होता की त्याला दुसऱ्या वर्गावर पिटाळले होते? पाहुणा येण्यापूर्वी त्याचा पाठ पुस्तकाच्या कोणत्या पानावर थांबला होता, आणि पाहुणा गेल्यावर तो पुन्हा कोठून सुरू झाला? हे प्रश्न वक्त्याला पडलेले नसतात आणि श्रोत्यांनाही पडत नाहीत. पुढच्या महिन्यात तिसऱ्याच देशाचा दुसरा पाहुणा येतो, त्यालाही आधी काय झाले हे ठाऊक नसते, आणि तो पुन्हा 'माझे नाव अमुक' येथून आरंभ करतो. वर्षाकाठी असे सहा पाहुणे आले, तर ती मुले आपले नाव सांगण्यास सहा वेळा शिकतात आणि भूतकाळाच्या रूपांपर्यंत कधीच पोचत नाहीत.

ज्या वाचकांचा देवळाशी नित्याचा संबंध आहे, त्यांना यातील विसंगती खरे तर चटकन उमगावयास हवी. देवळात सेवा करण्याची इच्छा घेऊन एखादा नवखा आला, तर पहिल्या दिवशी त्याच्या हाती काय पडते? केरसुणी. मग फुले निवडणे, हार ओवणे, चंदन उगाळणे, समया घासणे, महाप्रसादाच्या पंगतीत पाण्याचे भांडे घेऊन फिरणे. भाताचे वाढप त्याच्याकडे येण्यासही दोन उत्सव जावे लागतात, कारण कोणाच्या पानात किती वाढावे याची नजर एका दिवसात येत नाही. पूजेचा अधिकार कोणास असावा, हा वाद मी येथे उपस्थित करीत नाही. पण मंत्र न शिकलेल्या माणसाला, तो कितीही भाविक असला तरी, तिसऱ्या दिवशी अभिषेकास बसवावे असे कोणतेही देवस्थान म्हणणार नाही. मग हा विवेक परक्या मुलांच्या शाळेच्या उंबरठ्यावर आपण का विसरतो? त्यांचा वर्ग देवघराहून कमी महत्त्वाचा आहे, असे तर आपल्याला म्हणावयाचे नाही ना?

मी हे गौतमपुऱ्याहून लिहीत आहे. इंदूरपासून सुमारे साठ किलोमीटरांवरचे, देपालपूर तहसिलीतील हे गाव. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव ते मिरविते. तळोद्याच्या भोजराज बारगळांची ही कन्या माळव्यात आली, तेव्हा तिच्या कानांवर पडणारी बोली तिच्या खानदेशातली नव्हती. आज या गावाचे नाव बाहेर ऐकू येते ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे. हिंगोटाचे टणक फळ पोखरून, वाळवून, त्यात दारू भरतात आणि एका हाती ढाल धरून ती जळती फळे परस्परांवर फेकतात. गौतमपुऱ्याचा पक्ष तुर्रा, शेजारच्या रुणजी गावचा पक्ष कलगी. महाराष्ट्रात ज्यांनी कलगी-तुऱ्याचे शाहिरी झगडे ऐकले आहेत, त्यांना ही नावे इतक्या दूर ऐकून नवल वाटेल. त्या एका संध्याकाळी बाहेरगावचे बघे लोटतात, छायाचित्रे टिपतात आणि अंधार पडताच परततात. दुसऱ्या दिवशी ते सांगतात, आम्ही गौतमपुरा पाहिला. त्यांनी ठिणग्या पाहिल्या. गाव पाहण्यास वेळ लागतो. परभूमीतल्या त्या पहिल्या दिवसांच्या वृत्तान्तांची जात हीच आहे. फरक एवढाच, की हिंगोटाचा बघ्या गौतमपुऱ्याच्या लोकांना काही शिकविल्याचा आव आणीत नाही.

माझे घर मराठी, माझ्या विद्यार्थ्यांची घरे माळवी. येथील मूल घरी 'म्हारो' म्हणते, शाळेत त्याला 'मेरा' म्हणावयास सांगतात, आणि इंग्रजीच्या तासाला त्याच जागी 'माय' येते. म्हणजे इंग्रजी ही त्याची दुसरी नव्हे, तिसरी पायरी. ते 'स्कूल' म्हणू पाहते आणि तोंडून 'इस्कूल' निघते. 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होते. हा त्याचा आळस नव्हे. शब्दाच्या आरंभी आलेल्या जोडाक्षराला टेकू म्हणून एक स्वर पुढे धरावा, ही त्याच्या घरच्या बोलण्याची सवय आहे; मराठी मुलाची जीभ तेथे सहसा अडखळत नाही, ती अन्यत्र अडखळते. आपल्या भाषांत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ. आपल्याकडे 'ए' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, तेव्हा ती कोठे लावावी हे नुसत्या अनुकरणाने कळत नाही. जो शिक्षक मुलाची बोली जाणतो, तो पाहतो की मूल चुकत नाही, ते आपल्या घरचा नियम परक्या घरी लावीत आहे. मग तो त्याला हात धरून पलीकडे नेतो. जो जाणत नाही, तो तेच वाक्य पुन्हा एकदा, थोडे मोठ्याने, म्हणावयास लावतो. गौतमपुऱ्यास रुजू झालो तेव्हा पहिले दोन महिने संध्याकाळी मी शेजारच्या ओट्यावर बसून माळवी ऐकत असे. त्याकरिता मला कोणी शाल घातली नाही, आणि घालण्यासारखे त्यात काही नव्हतेही. शिंप्याने कापड बेतण्यापूर्वी माप घ्यावे, तितकेच ते साधे होते.

आता आपला तरुण थायलंडला किंवा व्हिएतनामला जातो. तेथील भाषांत काळ बदलला तरी क्रियापदाचे रूप बदलत नाही. 'काल', 'उद्या' अशा शब्दांनी किंवा एखाद्या अव्ययाने काळ कळतो. अशा मुलासमोर 'गो' आणि 'वेन्ट' ही दोन रूपे ठेवली, तर एकाच क्रियेला दोन असंबद्ध शब्द कशाला, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न मूल बोलून दाखवील तरी कोणत्या भाषेत? पाहुण्याला थाई येत नाही, मुलाला इंग्रजी येत नाही. उरते ते हसणे आणि टाळ्या. त्या हसण्यालाच वृत्तान्तात 'हृदयाची भाषा' असे भारदस्त नाव मिळते.

नेपाळची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. तेथे जाण्यास आपल्याला पारपत्राची व व्हिसाची अडचण नाही. आणि भाषेची तर नसल्यातच जमा, कारण नेपाळी देवनागरीत लिहितात. घर, हात, नाक, कान हे शब्द जसेच्या तसे, पाण्याचे 'पानी', क्रियापद आपल्यासारखेच शेवटी, आणि मराठीतल्या तू, तुम्ही, आपण यांसारख्या आदराच्या पायऱ्या तेथेही तँ, तिमी, तपाईं अशा तीन. मराठी किंवा कोंकणी घरातला मुलगा मनावर घेईल, तर निघण्यापूर्वी तीन महिन्यांत तो कामचलाऊ नेपाळी बोलू लागेल. पण काठमांडूच्या खोऱ्यात चार आठवडे राहून आलेल्या एका तरुणाला मी सहज विचारले, तेव्हा 'नमस्ते' आणि 'धन्यवाद' यांपलीकडे त्याची नेपाळी गेली नव्हती. आणि हे दोन शब्द तर तो घरूनच घेऊन गेला होता. शेजारच्या घरी, जवळजवळ आपल्याच बोलीत बोलता आले असते, तेथे जाऊन आपण विलायती बोललो, आणि त्याचे नाव सेवा!

या व्यवहारात पैसा किती फिरतो, याचा विचारही सभामंडपात कोणी करीत नाही. ही सेवा 'विनावेतन' असते हे खरे. पण ती बहुधा 'विनामूल्य' नसते. तरुण एखाद्या मध्यस्थ संस्थेला शुल्क भरतो, विमानाचे भाडे भरतो, आणि त्या बदल्यात त्याला एक वर्ग मिळतो. अर्थात जेथे गिऱ्हाईक आले तेथे माल आलाच, आणि येथे माल म्हणजे मुले. बालकल्याणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी वारंवार दाखवून दिले आहे की, नेपाळ व कंबोडिया येथील अनाथाश्रमांत ठेवलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. पाहुण्यांचा आणि देणग्यांचा ओघ टिकावा म्हणून खेड्यांतील मुलांना घरापासून तोडून शहरात आणून ठेवण्याचे प्रकार घडतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आपल्या अहवालात या व्यापाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. प्रत्येक शाळा अशी नसते, प्रत्येक तरुणाचे शुल्क अशा ठिकाणी जाते असेही नव्हे. परंतु ज्याला तेथील भाषा येत नाही, जो चार आठवड्यांत परतणार आहे, त्याला आपण कोणत्या जागी उभे आहोत हे कळण्याचा मार्गच नाही. मुलाला 'तुझी आई कोठे असते?' एवढे विचारण्यापुरती जरी नेपाळी येत असती, तरी कित्येकांची झोप उडाली असती.

परदेशी जाऊन शिकविणे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच भूमीत आलेल्या परकीयांकडे पाहा. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला. आपल्या किनाऱ्यावर स्थायिक झालेला, नोंद असलेला तो पहिला इंग्रज. ज्या काळात आपल्या पूर्वजांना मंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून आणि शांतादुर्गेची केळशीहून आगरापलीकडे, अंत्रुज महालात हलवावी लागली, त्यानंतर वीसएक वर्षांतच तो आला, आणि ज्या हेतूने आला तो आपल्याला प्रिय असण्याचे कारण नाही. तथापि सत्य सांगावयास भिऊ नये. सासष्टीत सुमारे चाळीस वर्षे राहून त्याने इथली भाषा अशी आत्मसात केली की, १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने नोंदले जाते. आणि त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, तेथेच छापले गेले. एका परक्याने मराठी व कोंकणी या आपल्या दोन्ही भाषांपुढे आधी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे आणि मग तोंड उघडावे, ही गोष्ट हे द्विभाषिक नियतकालिक वाचणाऱ्यांनी विसरण्यासारखी नाही. जो विरोधक आपली भाषा शिकला, त्याच्याशी निदान वाद तरी घालता येतो.

याची दुसरी बाजूही गोव्यातच दिसली. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे. शिकणारा मिशनरी गेला आणि फर्मान काढणारा अधिकारी आला, की भाषेचे काय होते, हे पुढची अडीचशे वर्षे गोव्याने भोगले. आजचा स्वयंसेवक फर्मान काढीत नाही, तो फुगे वाटतो. या दोघांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. पण आपल्या भाषेचा एक शब्दही न शिकता आलेल्या पाहुण्याला शाळा, मुख्याध्यापक आणि पालक हात जोडून उभे असलेले जे मूल पाहते, ते मनाशी काय ताडते? शिकण्यासारखे ते सारे त्याच्या भाषेत, आपल्या भाषेत शिकण्यासारखे काही नाही, हेच ना? फर्मानात जे शाईने लिहिले होते, ते येथे न लिहिता पोचते.

हिंदू वाचकांस अधिक जवळचे उदाहरण भगिनी निवेदिता यांचे. मार्गारेट नोबल या काही हौशी पाहुण्या नव्हत्या; सतराव्या-अठराव्या वर्षापासून शिकविण्याचा व्यवसाय केलेल्या, लंडनजवळ विम्बल्डन येथे स्वतःची शाळा चालविलेल्या त्या कसलेल्या शिक्षिका. त्या येण्यास निघाल्या तेव्हा स्वामी विवेकानंदांनी त्यांची आरती ओवाळली नाही. येथील उन्हाळा, अस्पृश्यतेच्या कल्पना, गोऱ्यांचा तिरस्कार, सारे काही पत्रातून आधीच बजावले. २८ जानेवारी १८९८ रोजी त्या कलकत्त्यास उतरल्या. इतकी सिद्धता असलेल्या बाईने दुसऱ्या आठवड्यात वर्ग उघडला असता, तर कोण नाही म्हणणार होते? पण त्या बंगाली शिकू लागल्या, हिमालयाच्या यात्रेस गेल्या, बागबाजारच्या गल्लीत शेजारणींत राहू लागल्या. शाळा उघडली ती नोव्हेंबरात, कालीपूजेच्या दिवशी, शारदादेवींच्या हस्ते. या नऊ-दहा महिन्यांचा वृत्तान्त कोणी लिहू म्हटले, तर त्यात शिकविण्याची हकिगत जवळजवळ नाही. पहिले दिवस असे असतात. पुढे कलकत्त्यात प्लेग आला तेव्हा ही शिक्षिका झाडू घेऊन गल्ली साफ करावयास उतरली, हेही लक्षात घ्यावे. देवळात नवख्याच्या हाती प्रथम जे देतात, तेच तिने आपण होऊन उचलले.

आणि आपल्या घरचे उदाहरण नको का? सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाले ते शिकविण्यासाठी नव्हे. पुण्यास आणि काशीस संस्कृत, तेथे अन्नछत्रातले जेवण. मग नेपाळ, मग १९०२ साली सिंहलद्वीप, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी पालीचा अभ्यास. पाली भाषा शिकावयाची तर तेथे ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात गेले की ब्रह्मी लोकांच्या लिपीत. दर मुक्कामी मुळाक्षरांपासून आरंभ. सात वर्षांनी, १९०६ साली, कलकत्त्यास ते पाली शिकवू लागले. मग हार्वर्डने त्यांना १९१० साली बोलाविले, आणि १९२९ साली लेनिनग्राडनेही. परदेशी जाऊन शिकविणारा गोमंतकीय कसा असतो, हे दाखवावयाचे तर सभामंडपात त्यांचे चित्र लावावे. त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात परभूमीतले पहिले दिवस पुष्कळ आहेत. त्यांत ते भुकेले आहेत, आजारी आहेत, गोंधळलेले आहेत, पण एकाही ठिकाणी गुरूच्या आसनावर नाहीत. माझे एक वृद्ध स्नेही, मूळचे फोंड्याचे, हीच गोष्ट पाच शब्दांत सांगतात: "शिकोवपाचे पयलीं स्वता शिकपाक जाय."

यावर काही आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. वरवर पाहता हे सयुक्तिक दिसते. परंतु तेथे 'काहीच नव्हते' हे कशावरून? तेथे एक शिक्षक होता. त्याचे इंग्रजी कदाचित ओबडधोबड असेल. पण तो पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे आणि मुलाच्या बापाला ओळखतो. जपानने १९८७ पासून परदेशी पदवीधरांना शाळांत आणण्याची जी योजना चालविली आहे, तिच्यात हे तत्त्व सांभाळलेले दिसते: आलेला तरुण सहायक म्हणून येतो, वर्ग जपानी शिक्षकाचा राहतो, करार वर्षाचा असतो, आणि त्याला वेतन मिळते, त्यामुळे त्याला उपकारकर्त्याचा तोरा मिरविता येत नाही. अमेरिकेचे शांतिदल १९६१ मध्ये निघाले. त्याचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत आपल्याही देशात होते. त्यांच्याविषयी पुष्कळ टीका झाली, काही रास्तही होती. तरी काही आठवड्यांचे भाषाशिक्षण आणि दोन वर्षांचा मुक्काम, एवढे बंधन त्यांच्यावर असे. ब्रिटनमध्ये १९५८ साली अशीच संस्था निघाली ती अठरा वर्षांची शाळा सोडलेली मुले पाठवून. पुढे अनुभवाने तिनेच ती चाल सोडली आणि कसबी, वयस्क माणसे पाठविण्यास आरंभ केला. पाश्चात्त्यांनी जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी करून टाकून दिली, ती आपण आज नवी म्हणून डोक्यावर घेत आहोत.

दुसरा आक्षेप: आमच्यावरच हे ताशेरे का? गोरी मुले तेच करतात. करतात खरी, आणि त्यांनाही सांगणारे भेटले आहेत. इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या सभेत तोंडावर सांगितले की, तुम्ही मदत करावयास येऊ नका. पाहावयास या, फिरावयास या, शिकावयास या. इलिच तेव्हा कॅथलिक धर्मगुरू होते आणि बाहेरून येणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकविण्याचे केंद्र चालवीत होते, म्हणजे हे बोलण्याचा अधिकार त्यांनी कमाविला होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो असा की, तेथे मुलांचे काही का होईना, आमच्या मुलाची दृष्टी विशाल झाली. तो नम्र होऊन परतला. फार चांगले झाले. पण मग याला यात्रा म्हणा. काशीहून परतलेल्या माणसाचा आपण सत्कार करीत नसतो. तोच मावंदे घालतो, आप्तेष्टांस जेवू घालतो, गंगेचे पाणी वाटतो. ज्याला मिळाले त्याने द्यावयाचे, अशी आपली रीत. परभूमीने ज्याला इतके दिले, त्याने घरी येऊन शाल पांघरून घ्यावी हे कोणत्या शास्त्रात बसते?

इंग्रजीच्या महत्त्वाविषयी तर मला कोणी सांगावयास नकोच. वाघिणीचे दूध म्हणून तिची थोरवी आपण दीडशे वर्षे गात आलो. माझी भाकरी तिच्यावरच निघाली. गौतमपुऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा इंदूरच्या महाविद्यालयात पाऊल ठेवतो, तेव्हा तिच्यावाचून त्याची होणारी कोंडी मी जवळून पाहिली आहे. म्हणूनच ती हौशी हातांत सोडावयास मी तयार नाही. ज्या विद्येने मुलाचे पुढचे आयुष्य ठरते, ती आठवड्याच्या पाहुण्याने शिकविण्याची वस्तू नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट बोलून टाकतो, मग कोणाला राग येवो. सभामंडपात ज्यांचे सत्कार झाले, त्यांतील कित्येक तरुणांचे भाषण मी इंग्रजीतच ऐकले. आजीला कळावे म्हणून त्यांच्या आईने त्याचा गोषवारा कोंकणीत सांगितला. कोंकणी १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा मान मिळाला. दोन्ही वेळा आपण पेढे वाटले. पण ज्या घरातला नातू आजीशी दुभाष्यावाचून बोलू शकत नाही, त्या घराने दूरच्या देशातील मुलांची भाषा सुधारण्यास निघावे, यातील विनोद परकी मुले हसतील तेव्हा हसतील, आपल्याला आज कळावयास हरकत नाही.

तेव्हा देवस्थान समित्यांना आणि नियतकालिकांच्या संपादकांना माझी उघड सूचना आहे. असा वृत्तान्त छापावयास आला, की लेखकास तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे वृत्तान्ताच्या आरंभीच छापावीत: तेथे किती दिवस राहिलात, तेथील भाषा किती शिकलात, आणि ज्याच्या वर्गात उभे राहिलात त्या शिक्षकाचे नाव काय. ज्याला तिसऱ्याचे उत्तर देता येणार नाही, त्याचा सत्कार पुढील वर्षावर टाकावा.

आणि ज्यांना खरोखरच शिकवावयाचे आहे, त्यांच्यासाठी इंदूरहून गौतमपुऱ्याची वाट दोन तासांच्या आतली आहे. उन्हाळी सुट्टीनंतर जूनच्या मध्यास आमच्या शाळा उघडतात. येणाऱ्याने पुरे शैक्षणिक वर्ष राहण्याच्या तयारीने यावे. दिवाळीपर्यंत वर्गात मागच्या बाकावर बसावे, वह्या तपासाव्यात, फळा पुसावा, संध्याकाळी ओट्यावर माळवी ऐकावी. शिकविण्यास आमच्या गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या एका पायावर तयार आहेत, आणि त्या शुल्क घेत नाहीत. हिंगोटाची रात्र उलटली, की मग खडू हाती देऊ.